पथ्य आणि पंगत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही चार शब्द बोलावेत असा निरोप घेऊन आपले कार्यवाह आमच्याकडे आले, तेव्हा ‘सरकारी नोकरीतील अनुभव’ हा विषय त्यांनी जवळजवळ ठरवूनच आणला होता. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे घालविलेल्या माणसापाशी सांगण्यासारखे दुसरे काय असणार, असा त्यांचा समज असावा. आणि तो फारसा चुकीचाही नव्हे. परंतु त्याच वेळी आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. कार्यवाहांसाठी बशीत बिस्किटे होती आणि आमच्यासाठी निराळ्या बशीत राजगिऱ्याची वडी. कार्यवाहांनी दोन्ही बशांकडे पाहिले आणि विचारले, “हे तुमचे पथ्य अजून चालूच आहे?” आजचा विषय तेथेच निघाला.

हा प्रश्न गेल्या दहा-अकरा वर्षांत आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सर्वांसमक्ष देऊन टाकावे असे वाटते. होय, पथ्य चालू आहे, आणि आमच्या हयातीत ते संपावयाचे नाही. आम्ही बी.ए. झालेले; वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध रोगी म्हणून आला तेवढाच. तेव्हा आम्ही सांगू ते अनुभवाचे सांगू, आणि शास्त्राचे म्हणून जे सांगू ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले असेल. या भाषणात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणणार आहोत. त्याचे एक कारण आमचे जुने वळण. दुसरे असे की, या पथ्यात आम्ही एकटे कधीच नव्हतो.

आमचे मूळ गाव मंगळवेढ्याजवळचे. मंगळवेढे म्हणजे ज्वारीचे कोठार. काळ्या जमिनीत, पावसाच्या ओलीवर, थंडीत पिकणारी तिकडची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे. आता तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. आमच्या लहानपणी घरात रोजची भाकरी असे. पोळी सणावाराला, नाहीतर पाहुणे आले तर. गव्हाची पोळी ताटात पडली म्हणजे घरात काहीतरी मंगल आहे, ही आमची बालपणीची समजूत. पुढे शिक्षण सोलापुरास झाले, नोकरी लागली, आणि पगाराबरोबर पोळीही रोजची झाली. भाकरी मागे राहिली याचे आम्हांला तेव्हा काडीचेही वाईट वाटले नाही. उलट बरेच वाटले असेल.

२००८ साली आमची बदली उत्तरेत झाली. मधली दिल्लीतील तीन वर्षे सोडली तर तेव्हापासून आम्ही याच शहरात आहोत. येथे आल्यावर गव्हाचे राज्य पूर्ण झाले. सकाळी पराठा, दुपारी कार्यालयात डब्यातील पोळ्या, चार वाजता समोसा किंवा मठरी, रात्री पुन्हा पोळी. २०१० च्या सुमारास प्रकृती बिघडू लागली. पोट फुगणे, जुलाब, वजन उतरणे आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे थकवा. दोन जिने चढून कार्यालयात पोहोचलो की पाच मिनिटे खुर्चीत स्वस्थ बसावे लागे. रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या घेतल्या, इंजेक्शने घेतली. महिनाभर बरे वाटे आणि पुन्हा पूर्ववत. कोणी म्हणाले, संग्रहणी. कोणी म्हणाले, मनावरचा ताण. एका रुग्णालयात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, आम्हांला हलका आहार म्हणून सहा आठवडे गव्हाचा दलिया आणि टोस्ट खाण्यास सांगितले. आम्ही तो सल्ला शिस्तीने पाळला आणि त्या सहा आठवड्यांत आमचे वजन आणखी चार किलो उतरले.

शेवटी २०१४ साली एका तरुण डॉक्टरांनी आम्हांला एक साधा प्रश्न विचारला. “लोह पोटात जाते, पण रक्तात उतरत नाही, मग मधल्या मार्गावर काय बिघडले आहे, हे कोणी पाहिले का?” त्यांनी रक्तातील एक विशिष्ट प्रतिपिंड तपासले, नंतर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याचा इवलासा तुकडा काढला. निदान झाले. व्याधीचे नाव सिलियाक.

ही व्याधी थोडक्यात अशी. गव्हामध्ये ग्लूटेन नावाचे एक प्रथिन असते. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळून धुतला तर पीठ निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ग्लूटेन. कणकेला ताण येतो, पोळी लाटता येते, पाव फुगतो, ते त्याच्यामुळे. जवात आणि राय नावाच्या पाश्चात्त्य धान्यातही त्याची भावंडे आहेत. बहुतेकांना ते मुळीच बाधत नाही. परंतु काही जणांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लूटेन दिसताच भलतीकडे वळते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवीसारखे जे बारीक अंकुर असतात ते झिजून सपाट होतात. अन्नरस शोषून घेणारे तेच अंकुर असल्यामुळे माणूस पोटभर जेवूनही उपाशी राहतो. यावर आजही औषध नाही. गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच उपाय. मात्र तो केल्यास अंकुर पुन्हा उगवतात. कोणाला काही महिने लागतात, कोणाला काही वर्षे.

लोलिंबराजाने ‘वैद्यजीवना’त जे सांगितले आहे त्याचा आशय असा की, पथ्य पाळणाऱ्याला औषधाचे काम काय, आणि न पाळणाऱ्याला तरी औषधाचा उपयोग काय. शाळेत असताना आम्हांला हा नुसता शब्दांचा खेळ वाटला होता. या व्याधीत तो अक्षरशः खरा आहे.

या पथ्याचा शोध कसा लागला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. लंडनच्या सॅम्युअल गी या वैद्याने १८८७ साली एका व्याख्यानात मुलांमधील या रोगाचे वर्णन केले आणि रोगी बरा होणारच असेल तर तो आहारानेच होईल असे मत दिले. कोणत्या आहाराने, हे मात्र त्याला उमगले नव्हते. त्याने एका मुलाची हकीकत नोंदविली आहे. रोज मापभर डच शिंपले खाऊन ते मूल छान सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणे उलटले. पुढच्या हंगामात मात्र ते मूल काही केल्या शिंपल्यांना तोंड लावेना. पथ्यात शास्त्र जितके असते तितकेच कंटाळ्यालाही स्थान असते, हे त्या मुलाने तेव्हाच दाखवून दिले. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुले सुधारली आणि सारे श्रेय केळ्यांना गेले. केळी खाताना पाव सुटला होता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. खरे उत्तर हॉलंडमध्ये डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला मिळाले. पावावर त्याचा संशय आधीपासून होताच. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तेथे अन्नाचा भयंकर तुटवडा पडला, पाव मिळेनासा झाला. आणि सगळीकडे मुले खंगत असताना ही रोगी मुले मात्र सुधारली. पाव परत आला तसा रोगही परत आला. १९५० साली त्याने आपल्या प्रबंधात हे सिद्ध करून मांडले. आमच्या ताटातील भाकरीमागे त्या उपासमारीच्या हिवाळ्याचे ऋण आहे, याची जाणीव आम्ही ठेवतो.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून किंचित अधिक लोकांना ही व्याधी आढळली, तर दक्षिणेत हजारात एकाला. आनुवंशिक प्रवृत्तीत फार अंतर नव्हते. अंतर होते ते गव्हाच्या सेवनात. आम्ही उत्तरेत आलो म्हणूनच रोग जडला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हा बदलीच्या आदेशावर आम्ही तो आरोप ठेवत नाही.

आता घराकडे वळू. डॉक्टरांनी ‘गहू बंद’ असे दोन शब्द लिहिले आणि आमच्या सौ.नी स्वयंपाकघरात उभे राहून त्यांचा अर्थ लावण्यास सुरुवात केली. पोळी गेली, हे उघडच होते. पण रवा म्हणजे गहू, मैदा म्हणजे गहू, शेवया, लापशी, कुरडई, सारे गहूच. ‘खपली गहू चालेल ना, तो पचायला हलका असतो’ असे सांगलीकडील नातेवाइकांनी प्रेमाने सुचविले. तोही गहूच, आणि त्यातही ग्लूटेन आहे. थालीपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू, सातूच्या पिठात गहू. सर्वांत मोठे आश्चर्य हिंगाचे. बाजारात मिळणारा बांधणी हिंग बनविताना मूळ डिंकात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे ज्या आमटीत गव्हाचा संबंध नाही असे आम्ही समजत होतो, तिच्या फोडणीतच तो बसलेला होता.

पोळीच्या जागी भाकरी आली पाहिजे हे ठरले. परंतु आमच्या सौ. पुण्याच्या, त्यांच्या माहेरी भाकरी क्वचित होई. वयाच्या चाळिशीत, मंगळवेढ्याहून आमच्या मातोश्री दूरध्वनीवर सांगत आणि या काठवटीपाशी बसून करीत, असे शिक्षण सुरू झाले. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून तिचे पीठ लाटता येत नाही, ताणले की तुटते. त्यावर आपल्या आयाबायांनी शोधलेला उपाय म्हणजे आधणाचे पाणी. कढत पाण्याने पिठाला चिकटपणा येतो. मग तळव्याने रगडून मळावे, हलक्या हाताने थापावे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवावा. पीठ जुने असेल तर त्याची विरी जाते आणि कितीही कसब असले तरी भाकरीच्या कडा फाटतात. पहिले दोन महिने आमच्या ताटात भाकरीचे तुकडे पडत, भाकरी नव्हे. तिसऱ्या महिन्यात एक भाकरी तव्यावर टम्म फुगली, तेव्हा सौ.नी ती आम्हांला न वाढता आधी मातोश्रींना दूरध्वनी केला.

ज्वारी मिळविणे हा दुसरा अध्याय. या मुलखात ज्वारी म्हणजे गुरांची चरी. मंडीतील दुकानदाराला दहा किलो ज्वारी मागितली तेव्हा त्याने, जनावरे किती आहेत, असे विचारले. आम्ही, एकच, असे उत्तर दिले. त्यानंतर गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या सामानात ज्वारीची पिशवी येऊ लागली. पण दळावयाची कोठे? चक्कीवर आमच्याआधी गहू दळला जातो आणि जात्याच्या दगडात त्याचे पीठ राहते. शेवटी घरगुती गिरणी घेतली. सकाळी सातला भाकरी थापण्याचा आवाज कसला येतो, म्हणून शेजारच्या पंजाबी बाई चौकशीला आल्या. काठवट पाहून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या की, आमच्या मक्याच्या पिठालाही हीच खोड आहे. त्या दिवसापासून हिवाळ्यात त्यांच्याकडून मक्की आणि सरसोंचे धडे आमच्या घरी येऊ लागले, आणि नवरात्रात कुट्टूचे पीठ कोठे चांगले मिळते ही माहितीही. सांगावयास हरकत नाही की, आम्हांला बाहेर जेवण्याचा त्यातल्या त्यात सोयीचा दिवस म्हणजे उपवासाचा. वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, यांत गहू नाही. आमच्या कार्यालयातील सहकारी आम्हांला फार धार्मिक समजतात.

सणांची व्यवस्था हळूहळू लागली. गणपतीला उकडीचे मोदक आहेतच. दिवाळीत अनारसे, तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची चकली, घरी दळलेल्या बेसनाचे लाडू. करंजी आणि शंकरपाळे गेले. पुरणपोळीसाठी सौ.नी तीन वर्षे नाना प्रकारची पिठे मिसळून पाहिली आणि नंतर तो नाद सोडला. होळीला आम्ही वाटीत नुसते पुरण घेतो, त्यावर तूप, आणि डोळे मिटून पोळीची आठवण. आठवणीने आतडे झिजत नाही.

हे सारे असूनही २०१६ साली रक्ताची तपासणी केली तेव्हा प्रतिपिंडे खाली आली नव्हती. डॉक्टरांनी विचारले, “बाहेर काही खाता का?” आम्ही, नाही, म्हणालो. सौ. शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि त्या काही बोलल्या नाहीत.

आज, इतक्या वर्षांनी, या व्यासपीठावरून आम्ही ते उत्तर दुरुस्त करतो. आम्ही खात होतो. दौऱ्यावर गेलो असता वरिष्ठांनी पुढे केलेले बिस्किट नाकारणे आम्हांला जमत नसे. विवाहसमारंभात यजमानांनी हाताने भरविलेला जिलबीचा तुकडा आम्ही गिळत असू. आणि याच सभागृहात दर श्रावणात होणाऱ्या सत्यनारायणाचा प्रसाद आम्ही दरवर्षी घेत होतो. आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल, त्या वेळी प्रसाद मंडळाच्या एक वयोवृद्ध आजी स्वतः करीत आणि स्वतःच्या हाताने वाटीत. रवा, तूप, साखर, दूध, केळे, सारे सव्वाच्या मापाने. पहिल्याच वर्षी आम्ही जरा चाचरलो तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रसादाला नाही म्हणू नये हो, देव बघून घेतो.” त्यानंतर आम्ही कधी चाचरलो नाही. इतरांच्या घरच्या पूजांनाही तेच. चमचाभर शिऱ्याने काय होणार, असे आम्ही मनाला समजावीत असू. दिवसाला दहा मिलिग्रॅम ग्लूटेन ही या रोग्यांसाठी साधारणतः निर्धोक मर्यादा मानली जाते. चमचाभर शिऱ्यात त्याच्या कितीतरी पट असते. घरात सौ. हिंगाची डबी बदलत होत्या, गिरणी पुसत होत्या, पोळपाट वेगळा ठेवत होत्या, आणि आम्ही बाहेर भिडेपोटी ते सारे मातीमोल करीत होतो.

घरी परतताना सौ. एवढेच म्हणाल्या, “मी कोणासाठी थापते आहे?” त्या वाक्यानंतर आमचे बाहेरचे खाणे बंद झाले.

पुढच्या श्रावणात आम्ही आजींना बाजूस घेऊन सर्व सांगितले. आमची अपेक्षा होती की त्यांना राग येईल, किंवा त्या देवाचा हवाला देतील. त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षे मी तुम्हांला विष देत होते आणि तुम्ही मला ते देऊ दिलेत?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमची भीड ही आम्ही सौजन्य समजत होतो. त्या सौजन्यामुळे एका भल्या बाईच्या हातून तिला नकळत अपाय घडत राहिला होता. पुढच्या पूजेला त्या एक लहानसा झाकणाचा डबा घेऊन आल्या. घरच्या नव्या कढईत केलेला राजगिऱ्याचा शिरा, तोही सव्वाच्या मापाने. मुख्य प्रसादाशेजारी त्याचा नैवेद्य दाखविला गेला. त्या आता हयात नाहीत. पण तो डबा पूजेत ठेवण्याची रीत या मंडळात अजून आहे, आणि महाप्रसादाच्या वेळी गहू न खाणाऱ्यांचे पान पहिल्या पंगतीत, वाढप्यांचा हात पोळीला लागण्याआधी वाढले जाते. बाहेरगावच्या पाहुण्यांना ही रीत कोठून आली हे ठाऊक नसते, म्हणून आज सांगितले.

आता एक गोष्ट अधिक जवळची. ही व्याधी घराण्यात चालू शकते, म्हणून निदानानंतर आईवडील, भावंडे, मुले यांची तपासणी करावी लागते. आमची कन्या तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला कसलाही त्रास नव्हता. तिचीही तपासणी सदोष आली, आणि पुढे आतड्याच्या तुकड्यावरून तेच ठरले. आमच्या स्वतःच्या निदानाच्या दिवशी आम्ही रडलो नव्हतो. ज्या वयात मैत्रिणींबरोबर पाणीपुरी आणि केक हेच जग असते, त्या वयात तिला डबा घेऊन वाढदिवसाला जावे लागले. दोनदा तिने चोरून खाल्ले. आम्ही तिला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार आम्ही कसा गमावला होता ते आपण ऐकलेच आहे. तिनेच एकदा विचारले, “बाबा, तुम्ही लोकांना काय सांगता?” तेव्हापासून आम्ही जे सांगतो ते खरे सांगतो.

ती आता पुण्यात नोकरी करते. तिच्या विवाहाची बोलणी सुरू झाली तेव्हा नात्यातील वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला की, हे आत्ताच कशाला सांगता, दिसण्यासारखे तर काही नाही, लग्न झाल्यावर हळूहळू कळेल. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलगी आजारी नाही; पथ्य पाळले तर ती इतरांसारखीच धडधाकट आहे. तरीही आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. एका घरून त्यानंतर निरोप आला नाही. घर चांगले होते, आणि ती गोष्ट आम्हांला लागली हे कबूल करावयास हवे. परंतु लपवून त्या घरात गेली असती तर गृहप्रवेशाच्या दिवशी पहिल्या घासालाच तिला एकतर खोटे बोलावे लागले असते, नाहीतर आजारी पडावे लागले असते. आमच्या कन्येचे म्हणणे आमच्याहून साधे आहे. ती म्हणते, “ज्यांना भाकरीची अडचण होते, त्यांना पुढे माझीच अडचण होईल.” पुढे काय होईल ते आम्हांला ठाऊक नाही. सध्या ती दर रविवारी आईकडून भाकरी शिकते, तीही दूरध्वनीवरच.

समारोपापूर्वी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ज्यांना अशी शंका असेल त्यांनी तपासणीपूर्वी स्वतःच्या मनाने गहू सोडू नये. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे उतरतात, आतडे सुधारू लागते आणि निदान अवघड होऊन बसते. आधी डॉक्टर, मग पथ्य. ज्यांना ही व्याधी नाही त्यांनी केवळ चालरीत म्हणून गहू टाकण्याचे कारण नाही. गहू हे वाईट अन्न नव्हे, ते आमचे अन्न नव्हे इतकेच. बरे न होणारा रक्तक्षय, मुलाचे खुंटलेले वजन वा उंची, वारंवार बिघडणारे पोट, अकाली ठिसूळ झालेली हाडे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना या व्याधीविषयी अवश्य विचारावे. पाकिटावरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल तरच त्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणता येते. तसेच ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये मुळात निर्दोष असली तरी त्यांचे सुटे पीठ कोणत्या चक्कीतून आले, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या वर्षी आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात ज्वारीची रोटी आली, आणि आम्ही मोठ्या आशेने चौकशी केली तेव्हा कळले की लाटता यावी म्हणून तिच्यात निम्मी कणीक घातली होती.

शेवटची विनंती यजमानांना, म्हणजे आपणां सर्वांनाच. आग्रह हा आपल्या पंगतीचा अलंकार आहे. घरापासून इतक्या दूर आल्यावर तर तो अधिकच प्रेमाने होतो. गावाकडची चव एकमेकांच्या पानात वाढणे हेच पन्नास वर्षे या मंडळाचे मोठे काम राहिले आहे. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कोणाला मूत्रपिंडाच्या विकारामुळे मीठ आणि डाळ मोजून खावी लागते. त्यांतील किती जण एका घासाने काय होते या वाक्यापुढे मान तुकवीत असतील, हे आम्ही स्वानुभवावरून ओळखू शकतो. एकदा ‘नको’ ऐकल्यावर पुन्हा आग्रह करू नये. आणि ज्यांना पथ्य आहे त्यांनीही आमच्यासारखी चूक करू नये. यजमानाला आधी सांगावे, स्पष्ट सांगावे, आणि पंगतीत मात्र अवश्य बसावे. डबा घेऊन आलात तरी बसावे. पहिली दोन वर्षे आम्ही पथ्याचे निमित्त करून कार्यक्रमांनाच येणे टाळत होतो. त्या दोन वर्षांत शरीरापेक्षा मन अधिक सुकले, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

आज आमचे हिमोग्लोबिन तेरा आहे. दोन जिने चढून आल्यावर खुर्ची शोधावी लागत नाही. या आकड्याचे श्रेय एका तरुण डॉक्टरांना आहे, मंगळवेढ्याच्या एका म्हातारीला आहे, शेजारच्या पंजाबी बाईंना आहे, झाकणाचा डबा आणणाऱ्या आजींना आहे. आणि समोर दुसऱ्या रांगेत ज्या बसल्या आहेत, त्यांना सर्वांत अधिक आहे. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

 कार्यवाहांनी खूण केली आहे. पाने मांडली गेली आहेत असे दिसते.